निर्वाचित पोलीस-आयुक्त : इंग्लंड व वेल्समधील एका प्रयोगाचा पूर्वेतिहास

(१)

१५ नोव्हेंबर २०१२ रोजी इंग्लंड व वेल्समधील मतदारांनी, लंडनचा अपवाद सोडल्यास, आपापल्या प्रदेशातील पोलीस दलावर देखरेख करणारा एकेक अधिकारी प्रत्यक्ष मतदानाने निवडला. असे एकंदर ४१ अधिकारी निवडून आले. ‘पोलीस व गुन्हे आयुक्त’ असे त्यांचे पदनाम होते. पुढे तेरा वर्षांनी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, ब्रिटिश सरकारने असे जाहीर केले की, २०२४ साली निवडून आलेल्या आयुक्तांची मुदत मे २०२८ मध्ये संपली म्हणजे हे पदच नाहीसे करण्यात येईल. ज्या संस्थेला पुरती सोळा वर्षेही आयुष्य लाभावयाचे नाही, तिच्या इतिहासाचा प्रपंच कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, संस्था अल्पजीवी असली तरी तिच्यापुढचा प्रश्न अल्पजीवी नाही. नागरिकाला अडविणे, पकडणे, प्रसंगी त्याच्यावर बळाचा प्रयोग करणे ही सत्ता ज्यांच्या हाती असते, त्यांना जाब कोणी विचारावयाचा, हा तो प्रश्न होय. आणि लोकसत्ताक राज्यव्यवस्था स्वीकारलेल्या कोणत्याही देशाला तो टाळता आलेला नाही.

हा प्रयोग फसला, असा निर्वाळा आता सर्रास दिला जातो. त्यावरून एक पाऊल पुढे जाऊन, पोलिसांवरील देखरेख ही मुळी मतपेटीवर सोपविण्याजोगी बाबच नव्हे, असा सिद्धांत काढला जाण्याचाही संभव आहे. प्रस्तुत लेखात हा सिद्धांत इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहावयाचा आहे. प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन थोडक्यात असे : लोकनियुक्त प्रतिनिधींनी पोलिसांवर देखरेख ठेवणे ही इंग्लंडात २०१२ सालची नवलाई नव्हती, तेथील नगरांतून ती १८३५ पासून १९६४ पर्यंत प्रत्यक्ष नांदत होती. २०१२ साली निवडणूक आली खरी. परंतु जिच्यासाठी निवडणूक घ्यावयाची ती सत्ता मधल्या काळात एकेक करून अन्यत्र गेली होती. तेव्हा फसले ते निर्वाचनाचे तत्त्व नव्हे. सत्तेवाचूनचे निर्वाचन फसले.

(२)

प्रथम शब्दांचा उलगडा केला पाहिजे, कारण ह्या विषयात शब्दांनी बराच घोटाळा माजविला आहे. मराठी वाचकाला ‘पोलीस आयुक्त’ म्हटले की मुंबईचा, पुण्याचा अथवा नागपूरचा दलप्रमुख डोळ्यांपुढे येतो. हा अधिकारी स्वतः पोलीस सेवेतील असतो, शासन त्याची नेमणूक करते आणि दल त्याच्या हुकमतीखाली चालते. मुंबईला हे पद १८६४ पासून आहे. फ्रँक साउटर हे तेथील पहिले आयुक्त. ह्या पदाचे नाव लंडनच्या पदावरून घेतलेले आहे. १८२९ साली गृहमंत्री रॉबर्ट पील यांनी लंडनचे नवे दल उभारले, तेव्हा चार्ल्स रोवन व रिचर्ड मेन असे दोन ‘कमिशनर’ त्याच्या माथ्यावर नेमले. लॅटिनमधील ‘सोपविणे’ ह्या अर्थाच्या क्रियापदापासून हा शब्द निघाला. ज्याच्यावर वरिष्ठाने काही काम सोपविले आहे, तो कमिशनर. आपला ‘आयुक्त’ शब्दही ‘युज्’ धातूपासून आलेला असून अशोकाच्या शिलालेखांतील ‘युक्त’ आणि गुप्तकालीन लेखांतील ‘आयुक्तक’ हे त्याचे पूर्वज होत. कामाला जुंपलेला, नेमलेला, असा त्याचा मूलार्थ. दोन्ही शब्दांत नेमणारा कोणी वरचा गृहीत धरलेला आहे. त्यामुळे ‘निर्वाचित आयुक्त’ हा शब्दप्रयोग काटेकोरपणे पाहता वदतोव्याघात ठरतो. २०१२ चा आयुक्त हा पोलीस नव्हता, त्याला अटकेचा अधिकार नव्हता, दलातील एकाही शिपायाला तो आज्ञा करू शकत नव्हता. दलाचा प्रमुख वेगळा. त्याचे पदनाम ‘चीफ कॉन्स्टेबल’.

‘कॉन्स्टेबल’ हा दुसरा महत्त्वाचा शब्द. उत्तरकालीन लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘अश्वशाळेचा अधिकारी’ असा होता. इंग्लंडात येता येता तो प्रथम मोठ्या राजाधिकाऱ्याचे आणि पुढे खेड्यातील शांतिरक्षकाचे नाव झाला. गावकऱ्यांपैकीच एकाला वर्षभर आळीपाळीने हे काम विनावेतन करावे लागे. हा ग्राम-कॉन्स्टेबल गावचा असला तरी त्याचे पद राजाचे मानले जाई. पद गावाचे की राजाचे, ह्या जुन्या संदिग्धतेतूनच विसाव्या शतकातील एक मोठा सिद्धांत कसा उभा राहिला, ते पुढे यावयाचे आहे.

तिसरा शब्द ‘शेरीफ’. शायरचा, म्हणजे परगण्याचा, रीव्ह अथवा कारभारी, अशी त्याची फोड आहे. मुंबईत ह्या शब्दाला ‘नगरपाल’ असा प्रतिशब्द रूढ होऊन पद केवळ मानाचे उरले. अमेरिकेत मात्र बहुतेक राज्यांतून शेरीफ हा लोकांनी निवडलेला आणि स्वतःच दल चालविणारा अधिकारी आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातील काही सुधारणावाद्यांच्या डोळ्यांपुढे हा अमेरिकन नमुना होता. परंतु नमुना घेताना निवडणूक तेवढी घेतली गेली. दल चालविण्याचा अधिकार घेतला गेला नाही.

(३)

इंग्लंडातील अर्वाचीन पोलीस व्यवस्था एका साच्यातून निघालेली नाही. तिचे आरंभीच तीन साचे होते. लंडनचे दल थेट गृहमंत्र्याच्या अधीन होते. १८८९ मध्ये लंडनला निर्वाचित काउंटी कौन्सिल मिळाले, तरी पोलीस त्याच्या हाती दिले गेले नाहीत. राजधानीची ही स्थिती इ. स. २००० पर्यंत टिकली. काउंट्यांतून, म्हणजे ग्रामीण परगण्यांतून, १८३९ च्या कायद्यान्वये दल उभारण्याची मुभा मिळाली. तेथे देखरेख मॅजिस्ट्रेटांची, म्हणजे नेमलेल्या जमीनदारवर्गाची होती.

तिसरा साचा नगरांचा. १८३५ च्या म्युनिसिपल कॉर्पोरेशन्स ॲक्टने १७८ जुन्या सनदी नगरांना, त्यांस ‘बरो’ म्हणत, करदात्यांनी निवडलेली कौन्सिले दिली आणि प्रत्येक कौन्सिलावर आपल्या सभासदांतून एक ‘वॉच कमिटी’ नेमण्याचे बंधन घातले. वॉच म्हणजे पहारा. ही पहारा-समिती कॉन्स्टेबलांची भरती करी, त्यांच्यासाठी नियम घालून देई आणि त्यांना केव्हाही बडतर्फ करू शके. दलाचा प्रमुख हा तिचा नोकर समजला जाई. मतदारवर्ग मर्यादित होता, करदात्यांपुरता होता, हे खरे. तथापि ज्या कौन्सिलाने दिवाबत्ती, गटारे व रस्ते पाहावयाचे, त्यानेच पोलीसही पाहावयाचे, आणि त्या सर्वांचा खर्च ज्यांच्या करातून निघावयाचा त्यांच्यासमोर निवडणुकीत उभे राहावयाचे, अशी ही एकसंध व्यवस्था होती.

समितीची आज्ञा केवळ कागदावर नव्हती, ह्याचे एक उदाहरण पुरेसे आहे. लिव्हरपूल नगरात वेश्यागृहांकडे काहीशी डोळेझाक करून त्यांस विशिष्ट भागांत मर्यादित ठेवावे, असे पोलिसांचे धोरण होते. १८९० मध्ये निवडणुकीने कौन्सिलातील बलाबल पालटले आणि वॉच कमिटीने दलप्रमुख नॉट-बोअर यांस सर्व वेश्यागृहांवर विनाविलंब खटले भरण्याचा हुकूम दिला. धोरण त्यांस पसंत नव्हते. परंतु हुकूम मानावयाचा की नाही, असा प्रश्न उपस्थित झाला नाही. त्यांनी तो अमलात आणला. पोलिसांनी कोणता कायदा किती कडकपणे अमलात आणावा, हे निर्वाचित समिती ठरवू शकते, हे त्या काळी सर्वमान्य होते.

ह्या व्यवस्थेचे दोष झाकण्याचे कारण नाही. लहान बरोंतून मद्यविक्रेते व दुकानदार समितीवर बसत आणि आपल्याच गुत्त्यांवर देखरेख करणाऱ्या शिपायांना नेमीत वा काढीत. आप्तेष्टांची वर्णी लागे. काही दले मूठभर शिपायांची होती. हे दोष त्याही काळी उघड बोलले जात. परंतु दोष दिसत होते, त्यांचा उच्चार होत होता आणि पुढल्या निवडणुकीत माणसे बदलता येत होती, हेही तितकेच लक्षात ठेविले पाहिजे.

(४)

ही सत्ता एकाच कायद्याने काढून घेतली गेली नाही. ती तीन मार्गांनी हळूहळू ओसरली : पैशाच्या, विलीनीकरणाच्या आणि न्यायनिर्णयाच्या.

पैशाचा मार्ग १८५६ च्या कायद्याने खुला झाला. त्याच्या दोन वर्षे आधी गृहमंत्री लॉर्ड पामर्स्टन यांनी बरोंच्या स्वातंत्र्याला कात्री लावण्याचा प्रयत्न करून पाहिला होता. नगरांच्या विरोधापुढे तो टिकला नाही. १८५६ च्या कायद्याने मग निराळी युक्ती योजिली. प्रत्येक बरो व काउंटीने दल ठेवणे सक्तीचे झाले, सरकारी निरीक्षक नेमले गेले आणि निरीक्षकाने दल कार्यक्षम असल्याचा दाखला दिल्यास वेतन व गणवेश यांच्या खर्चाचा चौथा हिस्सा सरकारी तिजोरीतून मिळू लागला. १८७४ मध्ये हा हिस्सा निम्मा झाला. निम्मा खर्च देणाऱ्याचा शब्द आज ना उद्या चालू लागणारच. १८८८ मध्ये काउंट्यांस निर्वाचित कौन्सिले मिळाली, तेव्हाही पोलीस पूर्णपणे त्यांच्या स्वाधीन झाले नाहीत. निम्मे मॅजिस्ट्रेट व निम्मे कौन्सिलर अशी संयुक्त समिती नेमून मध्यम मार्ग काढण्यात आला.

विलीनीकरणाचा मार्ग पुढच्या शतकातला. १९४६ च्या कायद्याने लहान बरोंची दले काउंट्यांत मिसळली. १९६६ मध्ये गृहमंत्री रॉय जेंकिन्स यांनी ११७ दलांची ४९ दले करण्याची योजना जाहीर केली. १९७४ मध्ये ही संख्या ४३ वर आली. गुन्हेगार मोटारीतून हिंडू लागल्यावर दलांचे क्षेत्र विस्तारणे अपरिहार्य होते. परंतु त्याचा एक परिणाम असा की, ‘थेम्स व्हॅली’, ‘वेस्ट मर्सिया’ अशी दले निर्माण झाली. ती तीनतीन काउंट्यांत पसरलेली होती. आणि ज्या प्रदेशाचा रहिवासी म्हणून कोणी स्वतःची ओळख सांगत नाही, अशा प्रदेशांची ती होती.

तिसरा मार्ग न्यायनिर्णयाचा, आणि तोच सर्वांत मार्मिक आहे. १९३० मध्ये ‘फिशर विरुद्ध ओल्डहॅम कॉर्पोरेशन’ ह्या खटल्याचा निकाल लागला. ओल्डहॅमच्या पोलिसांनी भलत्याच माणसाला पकडले. त्याने नगरपालिकेकडे नुकसानभरपाई मागितली. न्यायमूर्ती मॅकार्डी यांनी असे ठरविले की, कॉन्स्टेबल हा वॉच कमिटीचा नोकर नसून राजसत्तेचा अधिकारी आहे आणि त्याचे अधिकार हे त्याच्या पदाचे स्वतःचे आहेत. म्हणून त्याच्या चुकीबद्दल नगरपालिका जबाबदार नाही. ग्राम-कॉन्स्टेबलाच्या जुन्या पदाची आठवण येथे उपयोगी पडली. प्रश्न केवळ भरपाई कोणी द्यावी एवढाच होता. परंतु ‘नोकर नाही’ ह्या तीन अक्षरी आणि दोन अक्षरी शब्दांतून पुढे ‘म्हणून त्याला आज्ञा करता येत नाही’ असा निष्कर्ष काढला गेला. भरपाईच्या कायद्यातील ‘नोकर’ आणि शासनव्यवहारातील ‘अधीन’ हे दोन शब्द समानार्थी नाहीत. चुकीची भरपाई धन्याने द्यावी की नाही हा एक प्रश्न. धन्याने धोरण आखून द्यावे की नाही हा दुसरा. जॉफ्री मार्शल यांनी १९६५ मध्ये आणि लॉरेन्स लस्टगार्टन यांनी १९८६ मध्ये ह्या अनुमानातील कच्चेपणा दाखवून दिला. पण तोवर सिद्धांत रुजला होता. आश्चर्य असे की, १९६४ च्या कायद्याने पोलिसांच्या चुकांची भरपाई चीफ कॉन्स्टेबलाकडून, अर्थात पोलीस निधीतून, मिळण्याची तजवीज केली. ज्या अडचणीपोटी निर्णय जन्मला ती अडचण गेली; निर्णयातून निघालेला सिद्धांत मात्र राहिला.

त्या सिद्धांताची कसोटी १९५९ साली नॉटिंगहॅमला लागली. तेथील चीफ कॉन्स्टेबल ॲथेलस्टन पॉपकेस यांनी काही कौन्सिलरांविरुद्धच्या भ्रष्टाचाराच्या आरोपांची चौकशी लंडनच्या पोलिसांकरवी चालविली. वॉच कमिटीने अहवाल मागितला. त्यांनी तो नाकारला. समितीने त्यांस निलंबित केले. गृहमंत्री आर. ए. बटलर यांनी हस्तक्षेप करून त्यांस पुन्हा कामावर घ्यावयास लाविले. येथे दोन्ही बाजूंचे म्हणणे समजून घेतले पाहिजे. ज्यांची चौकशी चालू आहे त्यांच्याच सहकाऱ्यांनी चौकशी करणाऱ्याला अहवाल मागावा, ही गोष्ट कोणालाही खटकेल. व्यक्तिगत तपासात निर्वाचितांनी हात घालू नये, हा धडा योग्यच होता. परंतु त्यापासून घेतला गेला तो धडा अधिक व्यापक होता : निर्वाचितांनी धोरणातही हात घालू नये. पुढे नेमलेल्या राजकीय आयोगाचा अहवाल १९६२ मध्ये आला आणि १९६४ च्या कायद्याने वॉच कमिट्या संपुष्टात आल्या. त्यांच्या जागी दोनतृतीयांश कौन्सिलर व एकतृतीयांश मॅजिस्ट्रेट असलेली ‘पोलीस प्राधिकरणे’ आली. गृहमंत्री, प्राधिकरण व चीफ कॉन्स्टेबल ह्या तिघांत सत्ता वाटली गेली. त्यांपैकी प्राधिकरणाचा वाटा सर्वांत लहान होता.

(५)

पुढील तीस वर्षांत हा वाटा अधिकच आकसला. १९६८ मध्ये लॉर्ड डेनिंग यांनी एका निकालात असे मत दिले की, कायद्याच्या अंमलबजावणीच्या बाबतीत पोलीसप्रमुख केवळ कायद्यालाच उत्तरदायी आहे. गृहमंत्री वा प्राधिकरण त्याला असे करा वा तसे करा, असे सांगू शकत नाही. १९८१ मध्ये ब्रिक्स्टन व टॉक्स्टेथ येथे दंगली उसळल्या आणि १९८४-८५ मध्ये खाणकामगारांचा वर्षभराचा संप झाला. दोन्ही प्रसंगी काही निर्वाचित प्राधिकरणांचे व त्यांच्या चीफ कॉन्स्टेबलांचे उघड मतभेद झाले, आणि मर्सीसाइड व दक्षिण यॉर्कशरसारख्या प्राधिकरणांस आपल्या हाती किती थोडे आहे ह्याचा अनुभव आला. त्याच दशकात नॉर्थम्ब्रियाच्या प्राधिकरणाने असा आक्षेप घेतला की, आपल्या संमतीवाचून गृहमंत्र्याने आपल्या दलाला अश्रुधूर व प्लॅस्टिकच्या गोळ्या पुरवू नयेत. अपील न्यायालयाने गृहमंत्र्याच्या बाजूने कौल दिला. १९९४ च्या कायद्याने प्राधिकरणांवर बहुधा १७ सभासद ठेविले. त्यांत ९ कौन्सिलर, ३ मॅजिस्ट्रेट आणि ५ नेमलेले स्वतंत्र सभासद. सामान्य नागरिकाला ह्या मंडळाचे अस्तित्वही फारसे ठाऊक नसे.

अशा स्थितीत प्रत्यक्ष निवडणुकीची कल्पना पुढे आली, हे स्वाभाविक होते. २००८ मध्ये मजूर सरकारने मर्यादित स्वरूपात तशी सूचना करून ती मागे घेतली. २०१० मध्ये आलेल्या संयुक्त सरकारने ती उचलून धरली आणि २०११ च्या ‘पोलीस रिफॉर्म अँड सोशल रिस्पॉन्सिबिलिटी ॲक्ट’ने प्राधिकरणे रद्द करून चार वर्षांच्या मुदतीचा एकच निर्वाचित आयुक्त आणिला. त्याने पोलीस व गुन्हेविषयक योजना आखावी, अंदाजपत्रक ठरवावे, स्थानिक करातील पोलिसांचा हिस्सा आकारावा आणि चीफ कॉन्स्टेबलाची नेमणूक करावी. प्रसंगी त्यास पायउतार होण्यास सांगावे. त्याच्यावर लक्ष ठेवण्यासाठी कौन्सिलरांचे एक मंडळ होते. दोनतृतीयांश मतांनी ते करआकारणीचा किंवा नेमणुकीचा प्रस्ताव अडवू शके. मात्र दलाच्या ‘कार्यात्मक स्वातंत्र्या’ला आयुक्ताने धक्का लावू नये, असे बंधन होते. ह्या कार्यात्मक स्वातंत्र्याची व्याख्या कायद्यात कोठेच केलेली नाही. ज्या शब्दाने सत्तेची सीमा आखावयाची तोच शब्द मोकळा सोडल्यावर सीमेवर तंटे होणार, हे निश्चित होते.

पहिल्या निवडणुकीत सुमारे १५ टक्केच मतदान झाले. न्यूपोर्टमधील एका मतदानकेंद्रावर दिवसभरात एकही मत पडले नाही. निवडणूक नोव्हेंबरच्या थंडीत होती, उमेदवारांची पत्रके घरोघर पाठविण्याची सोय सरकारने केली नव्हती, ही कारणे खरी आहेत. पण पुढे दिवस बदलूनही चित्र फारसे पालटले नाही. अन्य निवडणुकांबरोबर मतदान घेतल्यावर २०१६ मध्ये प्रमाण सुमारे २७ टक्क्यांवर आणि २०२१ मध्ये एकतृतीयांशाच्या आसपास गेले. २०२४ मध्ये ते पुन्हा चतुर्थांशाच्या आसपास उतरले. २०१४ मध्ये वेस्ट मिडलंड्समधील पोटनिवडणुकीत तर जेमतेम १० टक्के मतदार आले. पंचवीस लाखांहून अधिक वस्तीचा तो प्रदेश आहे. आरंभी १२ आयुक्त पक्षनिरपेक्ष होते; २०१६ मध्ये ३ राहिले, २०२१ व २०२४ मध्ये एकही नाही. इकडे महानगरांच्या निर्वाचित महापौरांकडे हे अधिकार वर्ग होत गेल्याने २०२४ मध्ये आयुक्तांची संख्या ३७ वर आली होती.

पदाच्या अंगभूत विसंगती तीन प्रकरणांत स्पष्ट दिसतात. २०१३ मध्ये लिंकनशरच्या आयुक्तांनी आपल्या चीफ कॉन्स्टेबलास निलंबित केले. उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. २०१६ मध्ये हिल्सबरो दुर्घटनेवरील ज्यूरीचा निर्णय येताच दक्षिण यॉर्कशरच्या आयुक्तांनी तेथील प्रमुखास दूर केले. पुढील वर्षी न्यायालयाने तेही अवैध ठरविले. म्हणजे नेमण्या-काढण्याचा जो एकमेव ठोस अधिकार आयुक्ताला दिला होता, तोही तो आपल्या विवेकाने निर्वेधपणे वापरू शकत नव्हता. तिसरे प्रकरण त्याच दक्षिण यॉर्कशरचे. रॉदरहॅम शहरात अनेक वर्षे झालेल्या बालकांच्या लैंगिक शोषणाचा अहवाल ऑगस्ट २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तत्कालीन आयुक्त शॉन राइट हे पूर्वी त्याच नगराच्या कौन्सिलात बालसेवांचे प्रमुख होते. त्यांनी पद सोडावे, असे पंतप्रधानांपासून सर्वांनी सांगितले. परंतु त्यांस काढण्याची तरतूद कोणत्याही कायद्यात नव्हती. काही आठवड्यांनी त्यांनी स्वतःच राजीनामा दिला. पहिल्या दोन प्रकरणांत निर्वाचित अधिकारी दलप्रमुखाला हलवू शकला नाही. तिसऱ्यात मतदारांना निर्वाचित अधिकाऱ्याला हलविता आले नाही.

(६)

आता मूळ सिद्धांताकडे वळू. आयुक्तपदाने काहीच साधले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठी स्थानिक साहाय्यसेवा उभारण्याचे काम २०१४ पासून आयुक्तांकडे आले आणि अनेकांनी ते आस्थेने केले. प्राधिकरणातील सतरा अनामिकांपेक्षा एक नावाचा माणूस बरा, हाही युक्तिवाद पोकळ नव्हता. शिवाय आयुक्तांना अधिक सत्ता असती तर पक्षीय राजकारण पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचले असते, हा आक्षेपही गंभीर आहे. लिव्हरपूल व नॉटिंगहॅमची उदाहरणे आक्षेपकाच्याही उपयोगी पडतील.

तथापि ह्या आक्षेपाचे उत्तर १८३५ च्या रचनेतच आहे. वॉच कमिटी ही कौन्सिलाचा एक अवयव होती. ती एकाच्या नव्हे, अनेकांच्या विचाराने चाले; तिच्यात विरोधी पक्षही बसे; कौन्सिल तिला जाब विचारी; आणि ज्या नगराची ती समिती, ते नगर मतदाराला आपले वाटे. २०१२ च्या रचनेत ह्यांपैकी एकही गोष्ट नव्हती. एकच व्यक्ती, तिच्या हाती अंदाजपत्रक आणि योजनेचा कागद, तिच्याखाली लक्षावधी वस्तीचा परका प्रदेश, तिच्यासमोर ‘कार्यात्मक स्वातंत्र्या’ची अदृश्य भिंत. मतदारांच्या औदासीन्याला दोष देण्याआधी त्यांनी काय निवडावयाचे होते, हे पाहिले पाहिजे. मतदार निष्काळजी असतील. पण ज्याला मत दिल्याने रस्त्यावरच्या शिपायाच्या वागणुकीत काय पालटेल हे सांगता येत नाही, त्याच्यासाठी ते घराबाहेर पडले नाहीत, ह्यात समंजसपणाही असू शकतो.

नोव्हेंबर २०२५ च्या घोषणेनुसार आयुक्तांचे अधिकार जेथे निर्वाचित महापौर आहेत तेथे महापौरांकडे, आणि अन्यत्र स्थानिक कौन्सिलांच्या नेत्यांच्या मंडळाकडे जावयाचे आहेत. म्हणजे निर्वाचनाचे तत्त्व सोडलेले नाही. ते पुन्हा स्थानिक कारभाराच्या अंगाशी आणून जोडण्याचा बेत आहे. पहारा-समितीचेच हे दूरचे वंशज म्हणता येतील. परंतु १९३० पासून रुजलेला तो सिद्धांत जोवर तपासला जात नाही, धोरण कोणते व तपास कोणता ही रेषा जोवर कायदा स्वतः आखीत नाही, तोवर नव्या मंडळांच्याही वाट्याला तीच भिंत यावयाची.

भारतीय वाचकाला ह्या इतिहासाचे औत्सुक्य वाटण्यास आणखी एक कारण आहे. आपली पोलीस व्यवस्था वॉच कमिटीच्या साच्यातून निघालीच नाही. १८६१ चा कायदा आयरिश दलाच्या धर्तीवर होता; त्याने जिल्ह्याचे पोलीस मॅजिस्ट्रेटाच्या सर्वसाधारण नियंत्रणाखाली ठेविले, आणि नगरपालिका व जिल्हा मंडळे पुढे निर्वाचित झाली तरी पोलीस त्यांच्या कक्षेबाहेरच राहिले. प्रकाश सिंग खटल्यात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सुरक्षा आयोग व तक्रार प्राधिकरणे स्थापण्याचा आदेश दिला; महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात तशी दुरुस्ती केली. ह्या संस्थांतून पोलिसांस राजकीय दडपणापासून वाचविण्याची चिंता दिसते, आणि ती रास्त आहे. परंतु दडपणापासून स्वातंत्र्य आणि उत्तरदायित्वापासून मुक्ती ह्या दोन भिन्न गोष्टी होत. त्या एकमेकींत मिसळल्या म्हणजे काय होते, ह्याचा धडा इंग्लंडच्या दोन शतकांच्या अनुभवात आहे. ‘नियंत्रण’ नको म्हणून ‘देखरेख’ हा शब्द योजिला आणि देखरेखीतून अधिकार काढून घेतला, की उरतो तो केवळ पाहणारा. त्याला लोकांनी निवडले काय किंवा सरकारने नेमले काय, पाहण्यापलीकडे त्याच्या हाती काही राहत नाही.